रायफल घ्यायच्या आधी मालकांचे अनुभव कसे वाचायचे

सगळ्यात आधी बघा की लिहिणाऱ्याने गोळ्या किती झाडल्यात. पेटीतून काढली, वीस राऊंड मारले आणि पाच स्टार दिले, असल्या कौतुकाला काही अर्थ नाही. हजारभर राऊंडनंतर एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा भाग), मॅगझिन, ट्रिगर कसं चाललंय हे जो सांगतो त्याचं ऐका.

अचूकतेचे फोटो तर फारच फसवे, तीन गोळ्यांचा सगळ्यात चांगला ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा झुबका) टाकतात आणि म्हणतात एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप), म्हणजे 100 मीटरवर साधारण 29 मिलिमीटर, पण दहा गोळ्यांचा ग्रुप मागितला की गप्प! शिवाय कुठलं अ‍ॅम्युनिशन वापरलं तेही विचारा, बरेचदा दोष रायफलीचा नसतोच, स्कोपचे स्क्रू ढिले असतात.

ब्रँड जुना म्हणून डोळे झाकून विकत घेऊ नका. रेमिंग्टनसारख्या कंपनीनेही 2014 मध्ये मॉडेल 700 च्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरवाल्या रायफली परत मागवल्या होत्या, त्यामुळे सिरीयल नंबर रिकॉलमध्ये येतो का ते तपासाच.

किमतीचं म्हणाल तर स्पेअर मॅगझिन, स्कोप माउंट, सर्व्हिस धरून हिशोब करा, स्वस्त रायफल तिथेच महाग पडते.