व्हायरस स्कॅनर बंद पडतो तेव्हा: पोस्टफिक्स आणि क्लॅमएव्ही असलेल्या मेल सर्व्हरसाठी मार्गदर्शन

पोस्टफिक्स हा मेलची ने-आण करणारा सर्व्हर आणि क्लॅमएव्ही हा व्हायरस स्कॅनर. क्लॅमएव्हीची तपासणीची आज्ञा, क्लॅमडीस्कॅन, तपासणी संपवताना एक संकेतांक परत करते: ० म्हणजे व्हायरस आढळला नाही, १ म्हणजे आढळला आणि २ म्हणजे तपासणीच पूर्ण होऊ शकली नाही. घोळ होतो तो या २ मुळे. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये केवळ ‘१ आला का’ एवढेच पाहिलेले असेल, तर स्कॅनर बंद असताना आलेला प्रत्येक मेल स्वच्छ ठरून आत जातो. उलट ‘० नसेल तर नाकारा’ असे लिहिलेले असेल, तर निर्दोष बिलेसुद्धा व्हायरसच्या ठपक्यासह परत जातात. न तपासलेला मेल थांबवून ठेवावा, हेच योग्य धोरण होय, आणि त्याची सोय एसएमटीपीमध्येच, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देताना पाळतात त्या नियमांतच, आहे.

४ ने सुरू होणारे उत्तर मिळाले की पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारे उत्तर मिळाले की तो मेल पाठवणाऱ्याकडे परत करतो. एसएमटीपीचे मानक असलेल्या आरएफसी ५३२१ नुसार हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू राहावेत, आणि पोस्टफिक्सची मूळ मुदतही पाच दिवसांचीच आहे. म्हणजे शनिवारी रात्री स्कॅनर कोसळला आणि सोमवारी सकाळी उभा राहिला, तरी नीट चालणाऱ्या सर्व्हरकडून आलेला मेल हरवत नाही, फक्त उशिरा पोहोचतो.

हे धोरण दोन ठिकाणी लिहावे लागते, आणि त्यातले एक हमखास राहून जाते. क्लॅमएव्ही-मिल्टर (पोस्टफिक्सकडून मेल घेऊन तपासणीला देणारा दुवा) चालू आहे पण त्यामागचा क्लॅमडी (प्रत्यक्ष तपासणी करणारी, सतत चालणारी प्रक्रिया) बंद आहे, अशा वेळी निर्णय मिल्टरच्या ‘ऑनफेल’ या सेटिंगवर होतो. ते ‘डिफर’, म्हणजे ‘नंतर पाठवा’, असावे. मिल्टरच बंद असेल तर पोस्टफिक्समधील ‘मिल्टर डिफॉल्ट अ‍ॅक्शन’ लागू होते. ते ‘टेम्पफेल’, म्हणजे ‘तात्पुरता नकार’, असावे. दोन्हींची मूळ मूल्ये हीच आहेत, परंतु कधीतरी घाईत कोणीतरी ‘अ‍ॅक्सेप्ट’ करून ठेवलेले असते, म्हणून प्रत्यक्ष फाइल उघडून पाहावी.

आपल्याच कर्मचाऱ्यांनी ५८७ पोर्टवरून पाठवलेल्या मेलचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे समोर रांग सांभाळणारा सर्व्हर नसून एखाद्याचा फोन किंवा आउटलुक असते आणि ४५१ हे उत्तर त्याला थेट त्रुटी म्हणून दिसते. या पोर्टसाठी पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये (master.cf) ‘मिल्टर डिफॉल्ट अ‍ॅक्शन’ स्वतंत्रपणे ‘क्वारंटाइन’ ठरवता येते. मग मिल्टर बंद असताना मेल स्वीकारला जातो, पण होल्ड रांगेत, म्हणजे आपण सोडेपर्यंत पुढे न जाणाऱ्या रांगेत, गोठतो. मिल्टर चालू राहून केवळ क्लॅमडी पडला, तर मात्र याचा उपयोग होत नाही. त्यासाठी या पोर्टला वेगळे ‘ऑनफेल’ असलेला दुसरा मिल्टर द्यावा लागेल.

आता कारणांकडे वळू. लहान भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा मेमरीच अपुरी पडते. क्लॅमडी संपूर्ण सिग्नेचर डेटाबेस (व्हायरस ओळखण्याच्या खुणांचा संच) मेमरीत ठेवतो आणि त्याला एक जीबीहून अधिक जागा लागते, शिवाय ०.१०३ आवृत्तीपासून नवा डेटाबेस भरत असताना जुनाही मेमरीत राहतो, त्यामुळे तेवढ्या वेळापुरती गरज जवळपास दुप्पट होते. म्हणून नेमके अपडेटच्या वेळी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) क्लॅमडीला संपवतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद आणि तिच्या आगेमागे फ्रेशक्लॅमचे (डेटाबेस उतरवून आणणाऱ्या प्रोग्रामचे) अपडेट दिसले, तर निदान पक्के समजावे. मेमरी वाढवणे शक्य नसेल तर ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ बंद करावे. त्यामुळे नवा डेटाबेस भरेपर्यंत तपासणी थांबते, पण स्कॅनर जिवंत राहतो. मेमरी पुरेशी असूनही स्कॅनर उत्तर देत नसेल, तर मिल्टर आणि क्लॅमडी ज्यातून बोलतात त्या सॉकेटच्या फाइलची परवानगी आणि तात्पुरत्या फाइलींची डिस्क भरली आहे का, हे पाहावे. एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक यंत्रे वारंवार अपडेट मागत असतील तर अपडेट देणाऱ्या सर्व्हरकडून ४२९, म्हणजे ‘मागण्या फार झाल्या’, हे उत्तर मिळते. तिथे स्वतःचा स्थानिक मिरर, म्हणजे डेटाबेसची प्रत ठेवून सर्व यंत्रांना देणारा सर्व्हर, ठेवावा.

काही बिघाड बिघाडासारखे दिसत नाहीत. मिल्टर आपल्या ‘मॅक्स फाइल साइज’पेक्षा मोठा मेल तपासतच नाही. पोस्टफिक्सची मेलच्या आकाराची मर्यादा कोणी वाढवली आणि ही तशीच राहिली, तर सर्वांत मोठे मेल गुपचूप आत जातात. क्लॅमडी दुसऱ्या यंत्रावर टीसीपीने जोडलेला असेल, तर त्याची ‘स्ट्रीम मॅक्स लेंग्थ’ (जोडणीवरून स्वीकारण्याच्या मजकुराची कमाल लांबी) मिल्टरच्या मर्यादेपेक्षा कमी नसावी. नाहीतर मोठा मेल प्रत्येक प्रयत्नात अडखळतो आणि पाच दिवसांनी परत जातो. क्लॅमडीच्या ३३१० या पोर्टला पासवर्ड नसतो, म्हणून ते इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

स्कॅनर उभा राहिल्यानंतरचे काम बरेच जण विसरतात. पोस्टफिक्सच्या ‘पोस्टसुपर’ या रांग हाताळणाऱ्या आज्ञेने होल्डमधून सोडलेला किंवा पुन्हा रांगेत घातलेला मेल मिल्टरकडे परत जात नाही. त्यामुळे आधी रांगेतला मेल दाखवणाऱ्या ‘पोस्टकॅट’ने त्याचा हेडर आणि मजकूर काढून क्लॅमडीस्कॅनला द्यावा, संकेतांक ० आला तरच सोडावा. काही काळ ‘अ‍ॅक्सेप्ट’ ठेवावेच लागले असेल, तर त्या वेळात मेलडिरमध्ये (पोहोचलेले मेल साठवणाऱ्या फोल्डरमध्ये) आलेल्या फाइली वेळेनुसार शोधून तपासाव्यात. तपासणीनंतर मिल्टर हेडरमध्ये घालतो त्या ‘क्लीन’ या खुणेवर इथे विसंबू नये, कारण मिल्टर बंद असताना बाहेरून आलेली खोटी खूण पुसणारे कोणी नसते.

हे सारे जुळले आहे का, याची परीक्षा कामाच्या वेळेबाहेर घ्यावी. प्रथम केवळ क्लॅमडी थांबवून आणि नंतर मिल्टर थांबवून बाहेरून एक मेल पाठवावा. दोन्ही वेळा लॉगमध्ये ४ ने सुरू होणारे उत्तर दिसले पाहिजे. देखरेखीसाठी क्लॅमडीला ‘पिंग’ पाठवून ‘पाँग’ मिळते का, हे दर काही मिनिटांनी पाहता येते, परंतु त्यातून फक्त प्रक्रिया चालू असल्याचे कळते. म्हणून दिवसातून एकदा आयकार ही ६८ बाइट्सची निरुपद्रवी चाचणी-फाइल जोडलेला मेल स्वतःलाच पाठवावा, आणि तो पेटीत पोहोचला तर इशारा मिळेल अशी व्यवस्था करावी. तो इशारा अर्थातच याच मेल सर्व्हरवरून नव्हे, एसएमएससारख्या वेगळ्या मार्गाने यावा.