कंटेनर प्रकल्पाची सीआय आणि रिलीज यंत्रणा कशी सांभाळावी

मुक्तस्रोत कंटेनर प्रकल्पात कोड लिहिणारे हात बरेच असतात. पण प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोड सामावून घेण्याच्या विनंतीवर) आपोआप चाचण्या चालवणारी (हीच सीआय, म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन) आणि शेवटी सही केलेली बायनरी लोकांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा बहुधा दोघा-तिघांच्याच गळ्यात पडते. नाशिकमध्ये दिवसाची नोकरी करून रात्री असे काम पाहणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. गो भाषेत लिहिलेला, लिनक्सवर चालणारा आणि गिटहबवर ठेवलेला एखादा कंटेनर रनटाइम (प्रोग्रॅम इतरांपासून वेगळे ठेवून कंटेनरमध्ये चालवणारे सॉफ्टवेअर) येथे गृहीत धरला आहे.

सर्व कामाच्या मुळाशी एकच नियम ठेवावा: चाचणीची वाट आणि रिलीजची वाट कुठेही एकमेकींना मिळू देऊ नये. चाचणीच्या वाटेवर अनोळखी माणसाचा कोड चालतो, म्हणून तेथे कोणतेही सीक्रेट (किल्ली, टोकन, पासवर्ड) असता कामा नये. रिलीजच्या वाटेवर सहीचे आणि प्रकाशनाचे अधिकार असतात, म्हणून तेथे मेंटेनरांनी (प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांनी) वाचून मर्ज केलेल्या कोडखेरीज काहीही चालता कामा नये.

चाचणीची वाट

प्रत्येक वर्कफ्लो फाइलच्या (गिटहबने कोणते काम कधी चालवायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या) आरंभीच टोकनचे अधिकार 'फक्त वाचन' एवढे मर्यादित करावेत आणि एखाद्या जॉबला लिहिण्याचा अधिकार खरोखर लागत असेल, तर तो त्या जॉबपुरताच द्यावा. 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' हा इव्हेंट शक्यतो वापरूच नये. तो मूळ रिपॉझिटरीच्या संदर्भात, तिच्या सीक्रेटांसह चालतो, आणि त्यात फोर्कमधला (बाहेरच्याने घेतलेल्या प्रतीमधला) कोड चेकआउट करून चालवला की किल्ल्या परक्याच्या हाती गेल्या असे समजावे. लेबल लावण्यासारख्या किरकोळ सोयीसाठी लोक तो वापरतात, पण लेबले हाताने लावली तरी प्रकल्पाचे काही अडत नाही.

बाहेरच्या ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायचे इतरांचे तयार तुकडे) टॅगने नव्हे, तर पूर्ण चाळीस अक्षरी कमिट हॅशने बांधाव्यात, कारण टॅग हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या लोकप्रिय ॲक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी एका दुष्ट कमिटकडे वळवले आणि तिने रनरच्या (जॉब चालवणाऱ्या यंत्राच्या) स्मृतीतली सीक्रेटे बिल्ड लॉगमध्ये छापली; ही ॲक्शन २३,००० हून अधिक रिपॉझिटऱ्यांत वापरात होती. हॅशने बांधलेल्यांपर्यंत बदललेला टॅग पोहोचतच नव्हता. धोका होता तो त्याच काळात नवा हॅश स्वयंचलितपणे स्वीकारणाऱ्यांना. म्हणून डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेट ही अपडेट सुचवणारी साधने वापरताना नवी आवृत्ती निघाल्यावर काही दिवस थांबण्याची सेटिंग चालू ठेवावी आणि ॲक्शनचे अपडेट आपोआप मर्ज होऊ देऊ नयेत.

चाचण्यांचे खरे काम वर्कफ्लोच्या यॅमल फाइलीत लिहू नये, ते मेकफाइल आणि शेल स्क्रिप्टमध्ये असावे. यॅमलने फक्त 'मेक टेस्ट' म्हणावे. २०२० च्या अखेरीस ट्रॅव्हिस सीआयने मोफत सेवेच्या अटी बदलल्या आणि २०२१ मध्ये तिची मुक्तस्रोतासाठीची जुनी साइट बंद झाली, तेव्हा ज्यांचे सर्व तर्कशास्त्र त्या सेवेच्या फाइलीत अडकले होते, त्यांना ते पुन्हा लिहावे लागले. या शिस्तीचा आणखी एक मोठा उपयोग सुरक्षा-रिलीजच्या वेळी होतो. तो पुढे येईल.

कंटेनर रनटाइमच्या चाचणीत युनिट टेस्ट हा सोपा भाग आहे. वेळ आणि डोके जाते ते इंटिग्रेशन टेस्टमध्ये, कारण रनटाइमचे वर्तन कर्नल, सीग्रुपची (संसाधनांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीची) आवृत्ती, सिस्टमडी, रूट आहे की रूटलेस (प्रशासकाच्या अधिकाराविना), आणि ॲपआर्मर किंवा एसई-लिनक्स या सुरक्षा-यंत्रणांपैकी काय चालू आहे, या सर्वांवर अवलंबून असते. सर्व जोड्या तपासू गेल्यास तक्ता फुगतो आणि पुल रिक्वेस्ट तासभर अडून राहते. त्यामुळे प्रत्येक पुल रिक्वेस्टवर वापरकर्त्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या मोजक्या जोड्या चालवाव्यात आणि उरलेल्या रात्रीच्या फेरीत टाकाव्यात.

रनरसाठी 'उबुंटू-लेटेस्ट' हे लेबल टाळून आवृत्ती स्पष्ट लिहावी. हे लेबल २२.०४ वरून २४.०४ कडे सरकले तेव्हा रूटलेस चाचण्या असलेल्या प्रकल्पांना त्याची झळ बसण्याजोगी होती, कारण उबुंटू २४.०४ मध्ये साध्या वापरकर्त्याने युजर नेमस्पेस (वापरकर्त्यांच्या ओळखींचा वेगळा कप्पा, जो रूटलेस कंटेनरला लागतो) तयार करण्यावर ॲपआर्मरचे निर्बंध मुळातच चालू असतात. एका सिस्कटलने (कर्नलच्या सेटिंगने) ते बंद करता येतात आणि चाचण्या लगेच हिरव्या होतात. परंतु वापरकर्त्याच्या यंत्रावर निर्बंध चालूच असतील. माझ्या मते किमान एक जॉब निर्बंध न हटवता, आपल्या बायनरीसाठी योग्य ॲपआर्मर प्रोफाइल बसवून चालवावा. वापरकर्त्याला जे करावे लागणार आहे, तेच तेथे तपासले जाते. सीग्रुप व्ही१ चे तसेच आहे. नवी वितरणे त्यापासून दूर गेली असली, तरी रेड हॅट ८ च्या कुळातील यंत्रणांत तोच मुळातला पर्याय आहे, म्हणून रनरवर केव्हीएमच्या (लिनक्सच्या आभासीकरणाच्या सोयीच्या) आधारे त्याच कुळातील अल्मालिनक्स ८ चे आभासी यंत्र उभे करून त्यात तो तपासावा.

कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचणीवर 'पुन्हा चालवा' हे बटण दाबत राहणे ही सर्वांत वाईट सवय आहे. अशी प्रत्येक चाचणी नोंदवून इश्यू उघडावा, मूळ दोष सापडेपर्यंत ती वेगळ्या, मर्ज न अडवणाऱ्या जॉबमध्ये हलवावी आणि तिला कोणाचे तरी नाव लावावे. कंटेनरच्या कोडमध्ये ही 'लहरी' चाचणी पुष्कळदा खरी रेस कंडिशन (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमावर अवलंबून असलेला दोष) दाखवत असते.

रात्रीच्या फेरीची क्रॉन (वेळापत्रकाची) वेळ मुळात यूटीसीप्रमाणे धरली जाते. नाशिकमधले पहाटेचे दोन म्हणजे आदल्या दिवसाचे २०:३०, त्यामुळे 'सोमवारी पहाटे' हवे असल्यास वाराच्या रकान्यात रविवार येतो. तासाच्या ठोक्याला गर्दीमुळे फेरी लांबू शकते, म्हणून मिनिटाचा आकडा अधलामधला घ्यावा. सार्वजनिक रिपॉझिटरीत साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब या नियोजित फेऱ्या आपोआप बंद करते, हेही ध्यानात असू द्यावे.

चाचणीसाठी लागणाऱ्या इमेजेस (कंटेनरचे तयार साचे) डॉकर हबवरून दर वेळी ओढू नयेत. २०२० पासून तेथे निनावी डाउनलोडवर मर्यादा आहे. त्या इमेजेस आपल्या रजिस्ट्रीत (इमेजेसच्या साठ्यात) ठेवून डायजेस्टने (आशयावरून काढलेल्या हॅशने) बांधाव्यात.

एआरएमसाठी घरातल्या रास्पबेरी पायला रनर करण्याचा मोह सोडावा. सार्वजनिक रिपॉझिटरीला स्वतःचा रनर जोडू नये असे गिटहबच सांगते, कारण कोणाचीही पुल रिक्वेस्ट तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये कोड चालवू शकते. शिवाय आषाढातल्या पावसात वीज गेली की रांग अडते, ते निराळेच. ६४ बिटी एआरएमचे रनर सार्वजनिक प्रकल्पांना २०२५ पासून मोफत मिळतात. इतर आर्किटेक्चरसाठी क्रॉस-कंपाइल करून चाचणीपुरता क्यूईएमयू हा दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर वापरावा, आणि त्याचा संथपणा गृहीत धरून तो रात्रीकडे ढकलावा.

रिलीजची वाट

रिलीज फक्त सही केलेल्या गिट टॅगवरूनच सुरू व्हावे आणि टॅग रिलीज ब्रँचवरच असावा. जुन्या ब्रँचवर दुरुस्ती नेताना मूळ कमिटचा उल्लेख ठेवणारा चेरी-पिक (एकच कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावणे) वापरावा, म्हणजे कोणती दुरुस्ती कुठे पोहोचली हे पुढे शोधता येते. रिलीजच्या जॉबमध्ये कॅशे वापरू नये. बिल्डला थोडा जास्त वेळ लागेल, तो लागू द्यावा.

बिल्ड पुनरुत्पादनक्षम असावी, म्हणजे त्याच कमिटवरून दोन वेगळ्या यंत्रांवर बांधलेल्या बायनरींचे शा-२५६ अक्षरशः जुळावे. गो कंपायलरची आवृत्ती नेमकी ठरवावी, 'ट्रिमपाथ' लावून बांधणाऱ्याच्या फोल्डरची नावे बायनरीतून काढावीत, 'सोर्स डेट इपॉक' या चलात टॅग केलेल्या कमिटची वेळ भरावी, टार फाइलमध्ये नावे क्रमवार लावून मालक शून्य ठेवावा आणि जीझिपला वेळेची नोंद करू देऊ नये. येथे आपल्याकडच्या लॅपटॉपवर दोन गोष्टी हमखास आड येतात. झिप स्वरूपात फाइलची वेळ स्थानिक वेळेनुसार लिहिली जाते, म्हणून भारतीय वेळ लावलेल्या यंत्रावरची झिप रनरवरच्या झिपपेक्षा साडेपाच तासांनी वेगळी पडते. आणि लोकेल मराठी किंवा भारतीय इंग्रजी असेल, तर सॉर्टचा क्रम बदलू शकतो. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत कालपट्टा यूटीसी आणि लोकेल 'सी' करून टाकावे.

ही तपासणी केवळ हौस नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणलेल्या एक्सझेड या फाइल-संक्षेपाच्या साधनाच्या प्रकरणात मागचे दार ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत होते, आणि ते चालू करणारी एक फाइल गिटमध्ये नव्हती, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. टॅगवरून स्वतः टारबॉल बांधून प्रकाशित टारबॉलशी ताडून पाहिला असता, तर निदान हा फरक दिसला असता. म्हणून दर रिलीजला रनरखेरीज एका मेंटेनरने आपल्या यंत्रावर बिल्ड करावी आणि हॅश जुळल्यावरच मंजुरी द्यावी.

दिंडोरी-निफाडच्या निर्यातदार बागायतदाराला पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढणारी ग्रेपनेटची नोंद परिचयाची आहे. बिल्डचे प्रोव्हेनन्स हीच सोय बायनरीसाठी करते, म्हणजे कोणत्या कमिटवरून, कोणत्या वर्कफ्लोने ती बांधली हे सांगते. सहीसाठी कोसाइन या साधनाची किल्लीविरहित पद्धत सोयीची पडते: वर्कफ्लोची ओळख ओआयडीसी या प्रमाणित पद्धतीने पटवून फुल्सिओ या प्रमाणपत्र-सेवेकडून अल्पजीवी प्रमाणपत्र मिळते आणि सहीची नोंद रेकोरच्या सार्वजनिक खात्यात राहते. एसबॉम (बायनरीतल्या सर्व घटकांची यादी) एसपीडीएक्स स्वरूपात सोबत द्यावा. लिबसेककॉम्प ही सिस्टम कॉल गाळणारी लायब्ररी स्थिरपणे (बायनरीच्या आतच) जोडून देत असाल, तर ती एलजीपीएल २.१ या परवान्याखाली आहे, त्यामुळे तिचा सोर्सही रिलीजला जोडावा; ही बाब विसरली जाते.

प्रकाशनाचा जॉब गिटहबच्या संरक्षित एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून स्वतःच्याच कामाला मंजुरी देण्याची मुभा बंद करावी. मंजुरी देणारे सर्वजण नाशिकचे नसावेत. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वणीला पंचवटीतल्या मेंटेनरवर रिलीज अवलंबून ठेवू नये.

सुरक्षा-रिलीज

येथे नेहमीची यंत्रणा साथ सोडते. गिटहबच्या सुरक्षा सूचनेतून उघडलेल्या तात्पुरत्या खाजगी फोर्कवर सीआय चालत नाही. म्हणजे ज्या दुरुस्तीला सर्वाधिक चाचणी हवी, तीच बिनचाचणीची राहते. चाचण्या मेकफाइलमध्ये असतील, तर मेंटेनरला त्या आपल्या आभासी यंत्रांत पूर्ण चालवता येतात. रनसी या कंटेनर रनटाइममधल्या सीव्हीई-२०२४-२१६२६ या सुरक्षा-दोषाची दुरुस्ती असलेली १.१.१२ ही आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ रोजी, दोष जाहीर होण्याबरोबरच, बाहेर आली होती. तसे करण्यासाठी टॅग, बिल्ड आणि हॅशची ताडणी आधीच तयार लागते. खाजगी दुरुस्तीच्या कमिट संदेशात आणि ब्रँचच्या नावात दोषाचा उल्लेख करू नये, आणि जाहीर करण्याची वेळ यूटीसीत लिहून सर्वांना कळवावी.

प्रकाशनाच्या वेळी सर्व आर्किटेक्चरच्या इमेजेस डायजेस्टने रजिस्ट्रीत गेल्यावर त्यांची एकत्रित इंडेक्स (यादी) चढवावी, आवृत्तीचा टॅग त्यानंतर आणि 'लेटेस्ट' सर्वांत शेवटी हलवावा. एकदा दिलेला आवृत्तीचा टॅग पुन्हा लिहू नये. चूक निघाल्यास पुढचा आकडा घ्यावा. मग ज्या यंत्रावर प्रकल्पाचे काहीही बसवलेले नाही, अशा यंत्रावर बायनरी सार्वजनिक दुव्यावरून उतरवावी, सही आणि हॅश तपासावेत, एक कंटेनर चालवून पाहावा, आणि त्यानंतरच घोषणा पाठवावी.