पावसाळी अंधारात रोपवाटिका: जुन्या ट्यूबलाइटखाली रोपे कशी वाढवावीत

जूनच्या मध्यापासून यवतेश्वराच्या बाजूने आलेले ढग सातारा शहरावर जे उतरतात ते सप्टेंबर सरेपर्यंत पुरते हटत नाहीत, आणि पेठांमधल्या जुन्या घरांत भर दुपारीही दिवा लावल्याखेरीज तांदूळ निवडता येत नाहीत. हिवाळ्यात परसात किंवा गच्चीवर टोमॅटो, मिरची, वांगी लावायची असतील तर त्यांची रोपे मात्र याच काळात, ऑगस्टमध्ये, तयार व्हावी लागतात. उघड्यावर पेरावे तर सरींच्या माऱ्याने बी वाहून जाते. खिडकीत ठेवावे तर रोपे काचेच्या दिशेने माना लांबवून पांढुरकी आणि लेचीपेची होतात. या अडचणीवर एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय बहुतेकांच्या माळ्यावर पडून असतो, तो म्हणजे एलईडी आल्यावर काढून ठेवलेल्या चार फुटी ट्यूबलाइट.

ज्यांच्याकडे अशा जुन्या ट्यूबलाइट नाहीत त्यांनी या कामासाठी नवी फ्लुरोसंट ट्यूब शोधत फिरू नये. त्यांनी पांढऱ्या प्रकाशाची साधी एलईडी पट्टी घ्यावी. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारानुसार फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे २०२३ मध्ये ठरले आहे, त्यामुळे या ट्यूब आता वापरून संपवण्याच्याच वस्तू आहेत. पुढील पद्धत दोन्हींना लागू पडते. जांभळट प्रकाशाच्या महागड्या खास दिव्यांची गरज घरगुती रोपांना नसते.

जुन्या ट्यूब निवडताना टोके पाहावीत. दोन्ही टोकांना काळा डाग पसरलेला असेल किंवा पेटताना ट्यूब बराच वेळ फडफडत असेल तर तिचे आयुष्य सरत आले आहे; ती डोळ्यांना उजळ वाटली तरी रोपांना कमी पडते. ट्यूबवर ८६५ असा आकडा छापलेला असल्यास ती घ्यावी: पहिला ८ हा रंग खरे दिसण्याचा दर्जा सांगतो, तर ६५ म्हणजे ६५०० केल्विन, अर्थात निळसर पांढरा प्रकाश. या प्रकाशातील निळ्या अंशामुळे रोपाचे खोड बुटके आणि जाड राहते. पिवळसर प्रकाशाची, म्हणजे ८२७ किंवा ८३० आकड्याची ट्यूब मिळाली तर एक निळसर आणि एक पिवळसर अशी जोडी लावावी, कारण पिवळसर ट्यूबमध्ये लाल भाग अधिक असतो. परंतु केवळ रोपे तयार करायची असतील तर दोन्ही निळसर असल्या तरी काही बिघडत नाही. जुन्या ४० वॅटच्या जाड ट्यूबच्या जागी ३६ वॅटची बारीक ट्यूब त्याच पट्टीत, म्हणजे ट्यूब अडकवायच्या पत्र्याच्या चौकटीत, बसते. २८ वॅटची अगदी सडपातळ ट्यूब मात्र लांबीने थोडी आखूड आणि पिनांनी वेगळी असल्याने तिला स्वतःचीच पट्टी लागते.

चार फुटी ट्यूब बसेल अशी लोखंडी मांडणी, किंवा भिंतीला ठोकलेली फळीसुद्धा, या कामाला पुरते. एका कप्प्यावर दोन पट्ट्या एकमेकींपासून सुमारे १० ते १२ सेंटिमीटर अंतरावर, साखळी आणि आकड्यांनी टांगाव्यात, म्हणजे रोपे वाढतील तसतशा त्या कडीकडीने वर घेता येतात. साखळीची सोय नसेल तर पट्ट्या पक्क्या बसवून ट्रेखाली विटा ठेवाव्यात आणि रोपे वाढतील तशी एकेक वीट काढावी, परिणाम तोच. नर्सरीवाले वापरतात ते ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे साधारण ५४ सेंटिमीटर लांब असतात, त्यामुळे दोन ट्रे एकापुढे एक ठेवले की ट्यूबची लांबी बरोबर भरते. ट्यूबच्या टोकांखाली उजेड मध्यापेक्षा कमी असतो. दर दोन दिवसांनी ट्रेची दिशा आणि जागा बदलली म्हणजे कडेची रोपे मागे पडत नाहीत. मांडणीच्या मागे आणि बाजूंना पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचे पांढरे पत्रे उभे केल्यास बाहेर सांडणारा बराच उजेड परत रोपांवर येतो, आणि ट्यूबवरची धूळ दिवा बंद करून कोरड्या फडक्याने पुसली तर तोही फरक लगेच जाणवतो.

पाणी आणि वीज येथे एकाच कप्प्यात नांदणार असल्याने जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. पट्टीच्या पत्र्याला अर्थिंग हवे, प्लग तीन पिनी हवा, आणि वायरीला बोर्डाच्या खालपर्यंत झोळ ठेवून मग ती वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळाशीच खाली ठिबकेल. पाणी घालताना दिवा बंदच असावा.

आता या पद्धतीचा गाभा, म्हणजे अंतर. छतालगतच्या ट्यूबखाली टेबलावर ठेवलेले रोप जगते, पण वाढत नाही. कारण खोलीतील नेहमीचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर उघड्यावरचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते. आपला डोळा अंधाराला सरावतो, त्यामुळे ही तफावत आपल्याला दिसत नाही. रोपाला मात्र ती पुरेपूर कळते. लांब ट्यूबच्या जवळ असताना अंतर दुप्पट केले की उजेड साधारण निम्मा होतो, आणि दूर गेल्यावर तो याहून झपाट्याने घटतो. म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या रोपांचा शेंडा ट्यूबपासून ५ ते १० सेंटिमीटरवर, म्हणजे तीन बोटे ते जेमतेम वीतभराच्या निम्म्यावर ठेवावा. मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांना १० ते १५ सेंटिमीटर चालतात, आणि मनी प्लांट, सिंगोनियम, फर्न यांसारख्या सावलीच्या झाडांना एक फूट पुरे होतो. इतक्या जवळ ठेवूनही पाने करपत नाहीत, कारण फ्लुरोसंट ट्यूब जुन्या पिवळ्या बल्बसारखी तापत नाही. खात्रीसाठी ट्यूबखाली शेंड्याच्या उंचीवर पालथा हात काही मिनिटे धरावा. हाताला सुखाची ऊब वाटली तर रोपालाही ती मानवते.

दुसरी गोष्ट तासांची. ट्यूबचा उजेड उन्हापेक्षा तोकडा असल्यामुळे त्याची भरपाई वेळेने करावी लागते: भाजीपाल्याच्या रोपांना दिवसाला १४ ते १६ तास आणि शोभेच्या झाडांना सुमारे १२ तास. चोवीस तास दिवा ठेवून रोपे दुप्पट वेगाने वाढत नाहीत. उलट टोमॅटोची पाने अखंड उजेडात पिवळी पडतात. शेवंतीसारखे झाड तर रात्र पुरेशी मोठी झाल्याखेरीज कळीच धरत नाही, म्हणून ते या मांडणीवर फार काळ ठेवू नये. वेळ पाळण्याचे काम प्लगमध्ये बसणाऱ्या टायमरवर सोपवावे, आणि तो पहाटे पाच ते रात्री आठ असा लावावा. तिन्हीसांजेला घरातला दिवा मालवलेला आजीला चालत नाही, तेव्हा टायमर संध्याकाळी सहाला बंद होईल असा लावणाऱ्याने घरातल्या बोलण्याचीही तयारी ठेवावी.

पेरणीसाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवून, एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन, तीन भागांना एक भाग चाळलेले गांडूळखत मिसळावे. परसातली काळी माती ट्रेच्या छोट्या कप्प्यात घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात, म्हणून ती टाळावी. प्रत्येक कप्प्यात एक बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून ट्रे एकमेकांवर रचावेत आणि प्लास्टिकच्या कागदाने झाकावेत. उगवण होईपर्यंत यांना उजेडाची गरज नसते, ऊब आणि ओल हवी असते. टोमॅटो चार-पाच दिवसांत, तर मिरची आठ-दहा दिवसांत वर येते. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून पाहावे, कारण कोकोपीट किंचित फुगून त्यातून वाकलेल्या मानेचा फिकट कोंब आकड्यासारखा डोके काढताना दिसला, की त्याच दिवशी ट्रे दिव्याखाली जायला हवा. एक रात्र जरी कोंब अंधारात राहिला तरी मान बोटभर लांबते, आणि ती नंतर कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही.

पाणी वरून न ओतता ट्रे उथळ परातीत ठेवून खालून शोषू द्यावे आणि वरचा थर फिकट दिसू लागल्यावरच पुन्हा द्यावे. साताऱ्याच्या दमट पावसाळी हवेत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रोपे कोलमडणे: खोड मातीलगत दोऱ्यासारखे बारीक होते आणि चांगली दिसणारी रोपे एका रात्रीत आडवी पडतात. ओल साचलेल्या माध्यमातील पिथियमसारख्या बुरशीमुळे हे होते. आडवे पडलेले रोप वाचत नाही, म्हणून आजूबाजूच्या कोकोपीटसह ते काढून टाकावे. प्रतिबंध म्हणून पेरणीपूर्वी मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी आणि दिवसातून काही वेळ लहान पंख्याची हलकी झुळूक द्यावी. या झुळुकीने डुलणाऱ्या रोपाचे खोडही जाड होते. ओल्या कोकोपीटभोवती बारीक काळी चिलटे घोंगावू लागली तर पाणी कमी करावे आणि पिवळा चिकट सापळा ट्रेजवळ लावावा. सुरुवातीच्या दोन बीजदलांनंतरची पहिली खरी पाने आली की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. यापेक्षा जास्त देण्याचा मोह कोवळ्या मुळांना झेपत नाही.

मेथी आणि कोथिंबीर दिव्याखाली अखेरपर्यंत वाढवून काढता येते, टोमॅटो आणि वांगी मात्र नाही: फळे धरण्याइतका उजेड दोन ट्यूब देऊ शकत नाहीत, म्हणून रोप तयार झाले की त्याची रवानगी बाहेर झालीच पाहिजे.

खर्चाचा हिशोब असा. तांब्याचा चोक असलेल्या दोन ३६ वॅटच्या ट्यूब चोकसकट सुमारे ९५ वॅट खातात, म्हणजे रोज १५ तासांना जवळपास दीड युनिट आणि महिन्याला ४३ युनिटे. इलेक्ट्रॉनिक चोकने हा आकडा ३३ च्या आसपास येतो, शिवाय व्होल्टेज उतरले तरी ट्यूब पेटते. आपल्या बिलावरील युनिटच्या दराने गुणून, तेवढ्या रकमेची तयार रोपे नर्सरीत किती मिळतात हे एकदा पाहावे. दहा-बारा रोपे हवी असणाऱ्याला हा खटाटोप परवडत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांसह दोनशे रोपे हवी असतील, किंवा आपल्याच जपलेल्या गावरान बियांची रोपे करायची असतील, तर नक्की परवडतो.

ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटे खोलीबाहेर थांबावे, कारण आत थोडा पारा असतो. नंतर काचा केरसुणीने न झाडता जाड कागदाने गोळा करून, ओल्या फडक्याने जागा पुसून, सर्व काही झाकणाच्या डब्यात बंद करावे. ट्यूबखालचे रोपांचे ट्रे अशा वेळी टाकूनच द्यावेत. निकामी ट्यूब ई-कचऱ्यात मोडतात, त्या घंटागाडीतल्या रोजच्या कचऱ्यात मिसळू नयेत.

टोमॅटोची रोपे सुमारे २५ दिवसांत, वांग्याची ३० ते ३५ आणि मिरचीची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतात. दिव्याखाली वाढलेल्या पानांना ऊन आणि वारा ठाऊक नसतो, म्हणून पहिले दोन दिवस ती ओसरीच्या सावलीत तास-दोन तास ठेवावीत, मग सकाळचे कोवळे ऊन दाखवावे आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हापर्यंत न्यावीत. या काळात पाणी थोडे ताणावे आणि खत थांबवावे. लावणी शक्यतो ढगाळ दिवशी किंवा ऊन उतरल्यावर, चारनंतर करावी.