मुलांची ग्रॉस मोटर चाचणी घेताय? या चुका टाळा

ग्रॉस मोटर म्हणजे बसणं, चालणं, उडी अशा मोठ्या हालचाली. त्यांच्या चाचणीत फॉर्मवर पहिला गुण पडतो, त्याच्या आधीच बहुतेक चुका होऊन गेलेल्या असतात. चाचणी भलतीच निवडलेली असते, वय चुकीचं काढलेलं असतं, नाहीतर मूल पहाटेच्या एसटीने सुरगाण्याहून येऊन उपाशीपोटी बसलेलं असतं. मग पुढे गुण कितीही काटेकोर द्या, आकडा फसवाच येणार. नाशिकमध्ये नव्याने काम सुरू करणारे फिजिओथेरपिस्ट, विशेष शाळांतले शिक्षक आणि रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेले पालक, तिघांसाठी हे लिहितेय.

चाचणी कोणती, प्रश्न कोणता

जीएमएफएम (ग्रॉस मोटर फंक्शन मेजर) ही १९८९ साली कॅनडातून आलेली चाचणी मुळात सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचाली अडलेल्या मुलांसाठी आहे. लोळणं, बसणं, रांगणं, उभं राहणं आणि चालणं-पळणं-उडी असे पाच विभाग, एकूण ८८ आयटम, म्हणजे करून दाखवायच्या कृती. कसलाही मोटर त्रास नसलेलं पाच वर्षांचं मूल हे सगळे आयटम पूर्ण करतं. त्यामुळे 'सारखा धडपडतो, चेंडू झेलता येत नाही' अशी तक्रार असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ही चाचणी दिली, तर गुण शंभरच्या आसपास येतात आणि हाती काहीच लागत नाही. त्याच्यासाठी एमएबीसी-२ (३ ते १६ वर्षं) किंवा बीओटी-२ (४ ते २१ वर्षं) हवी. अजून न चालणाऱ्या बाळासाठी एआयएमएस आहे, १८ महिन्यांपर्यंत. ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी आपल्याकडची डीएएसआयआय आहे, तिच्यात मोटरचे ६७ आयटम आहेत. शाळेच्या मैदानावरच्या कौशल्यांसाठी टीजीएमडी-३.

आणखी एक घोळ जीएमएफसीएसचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या पातळ्या ठरवणाऱ्या पद्धतीचा. त्यातल्या पाच पातळ्या हे वर्गीकरण आहे, प्रगतीपुस्तक नव्हे. दोन वर्षांनंतर पातळी सहसा फारशी हलत नाही. 'लेव्हल तीनवरून एकवर आणून देतो' असं कुणी सांगत असेल, तर तिथे पैसे भरण्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी मत घ्या.

वय

३२ आठवड्यांनी जन्मलेल्या बाळाचं वय काढताना आठ आठवडे वजा करायचे, आणि ते साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत करत राहायचे. दहा महिन्यांचं दिसणारं हे बाळ चाचणीसाठी जेमतेम आठ महिन्यांचं असतं. विसरलात, तर चांगल्या बाळाच्या कपाळी उगाच 'मागे आहे' असा शिक्का बसतो.

मोठ्या मुलांच्या बाबतीत वय वरच्या आकड्याला नेऊ नका. सहा वर्षं, अकरा महिने, अठ्ठावीस दिवस म्हणजे एमएबीसी-२ मध्ये अजूनही ३ ते ६ चाच गट. आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख '१ जून' दिसली की लसीकरणाचं कार्ड मागा. ही गुरुजींनी लावलेली तारीख आजी-आजोबांच्या पिढीबरोबर संपली असं आपण धरून चालतो, पण अजूनही एखादी निघते.

फरशी, हात आणि तोंड

सगळ्यात जास्त गुण इथे सांडतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ कशी असते ते सांगायला नको. गार शहाबादी फरशीवर अनवाणी उभं केलेलं मूल पाय उचलून घेतं, आणि आपण लिहितो 'उभं राहत नाही'. जीएमएफएम अनवाणीच घ्यायची आहे, म्हणून मॅट अंथरा, खोली थोडी उबदार करा, जाड स्वेटर आणि दुहेरी पायजमा काढायला लावा. गुडघा दिसलाच पाहिजे. बूट किंवा स्प्लिंट घालून बघायचं असेल तर जीएमएफएम-८८ (सगळ्या ८८ आयटमची चाचणी) तशीही घेता येते, पण ते वेगळं नोंदवा. दोन्हींची सरमिसळ नको.

'हात मोकळे ठेवून २० सेकंद उभं राहणं' या आयटमला स्टॉपवॉच लागतं. तोंडाने मोजलेले वीस आकडे आईच्या उत्साहात बारा सेकंदांत संपतात. एका पायावर दहा उड्या ६० सेंटीमीटरच्या वर्तुळात मारायच्या असतात. खडूने अंदाजे गोल काढू नका, दोरी मोजून काढा.

जीएमएफएममध्ये तोंडी प्रोत्साहन चालतं, तीन प्रयत्न मिळतात, त्यातला सर्वोत्तम धरायचा. मात्र आईचं बोट कमरेला लागलं की तो प्रयत्न बाद. आई जवळ बसू दे, पण तिच्या हातात काहीतरी द्या, पिशवी द्या, पाण्याची बाटली द्या. बागलाण, मालेगावकडचं मूल आपल्या प्रमाण मराठीवर नुसतं बघत राहत असेल, तर सूचना अहिराणीत आईलाच सांगू द्या. फक्त काय सांगायचं ते आधी ठरवून कागदावर लिहा, म्हणजे दर वेळी तेच सांगितलं जाईल.

टीजीएमडी-३ मध्ये नियम वेगळा: एकदा करून दाखवायचं, एक सरावाचा प्रयत्न, मग गुणांचे दोन. पीटीच्या सरांना 'हात मागे घे, गुडघा वाक' असं म्हटल्याशिवाय राहवत नाही, आणि तिथे चाचणीची शिकवणी होते. तेरा कौशल्यांपैकी काही आपल्या मुलांना वेगळ्याच रूपात येतात. लंगडीत तरबेज असलेली मुलगी वरचा पाय मागे घट्ट आखडून धरते. चाचणीत तो पाय झोक्यासारखा पुढे-मागे झुलावा लागतो. स्टँडवरच्या चेंडूला बॅटने आडवा फटका मारायचा असतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळणारा पोरगा सरळ ड्राइव्ह मारतो. गुण पुस्तकाप्रमाणेच द्या, पण रिपोर्टमध्ये ही ओळ जरूर लिहा.

'घरी जिना चढतो की!' हे वाक्य रोज कानावर येतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा जिना दोर धरून, हात टेकत चढणं आणि एका बाजूचा कठडा धरून पाय आळीपाळीने टाकत चार पायऱ्या चढणं, दोन्ही एकच नव्हे. समोर दिसलं तेवढंच मोजा.

शून्य आणि रिकामी चौकट

जीएमएफएममध्ये शून्य म्हणजे मुलाने हालचाल सुरूच केली नाही. एक म्हणजे सुरुवात केली, पण दहा टक्क्यांच्या आत. दोन म्हणजे अर्धवट, तीन म्हणजे पूर्ण. घेतलाच नाही अशा आयटमला 'एनटी' (नॉट टेस्टेड) लिहायचं. जीएमएफएम-६६ या ६६ आयटमच्या छोट्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर शून्य आणि एनटी यांचा वेगवेगळा हिशोब करतं, त्यामुळे कंटाळून टाकलेली शून्यं मुलाला खाली ओढतात. तिथे किमान १३ आयटमना खरे गुण हवेत. डाऊन सिंड्रोमच्या मुलासाठी ६६ नको, ८८ च घ्या.

मूल रडू लागलं तर थांबा. उरलेले आयटम आठवड्याच्या आत दुसऱ्या बैठकीत घेता येतात; झालेले पुन्हा घेऊ नका.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

"मॅडम, सोळाच? पस्तीससुद्धा नाहीत?" रिपोर्ट बघून वडील असं विचारतात तेव्हा चूक त्यांची नसते, समजावून न सांगणाऱ्याची असते. सोळावं पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत साधारण सोळा जण त्याच्या बरोबरीचे किंवा मागे. एमएबीसी-२ मध्ये १५ च्या वर हिरवा गट, ६ ते १५ लक्ष ठेवण्याचा, ५ किंवा त्याखाली खरी अडचण. म्हणजे हा मुलगा हिरव्यात आहे, काठावर का होईना. आणि पाचच्या खाली आला म्हणून लगेच निदान होत नाही. कपडे घालणं, जेवणं, शाळा, खेळ यांत अडतं का, तेही बघावं लागतं.

'सुधारला' म्हणण्याआधी

दुसऱ्यांदा चाचणी घेताना शक्यतो तीच व्यक्ती, तीच खोली, दिवसाची तीच वेळ ठेवा. जीएमएफएम-६६ चं सॉफ्टवेअर गुणाबरोबर ९५ टक्के विश्वासपल्लाही देतं, म्हणजे खरा गुण ज्या दोन आकड्यांच्या मधे असावा ती मर्यादा. मागचा आणि आताचा पल्ला एकमेकांवर चढत असतील, तर दोन गुणांच्या वाढीवर पेढे मागू नका. रिपोर्टमध्ये 'ठोस बदल दिसत नाही' असं लिहा आणि पुढची तारीख द्या.