गॅरेजचे दार निवडताना आधी स्प्रिंग पाहावी

गॅरेजचे दार घेताना बहुतेकांचे लक्ष रंग, नक्षी आणि रिमोट यांकडे जाते. प्रत्यक्षात घरातील सर्वांत मोठी आणि जड हलती वस्तू हेच दार असते. दोन गाड्यांच्या रुंदीचे पोलादी दार कधी कधी शंभर किलोंच्याही वर भरते. हे वजन मोटर उचलते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि मोटर केवळ तोललेले दार पुढे-मागे ढकलते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न स्प्रिंगविषयी विचारावा.

स्प्रिंग मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पिळाची स्प्रिंग दारावरील आडव्या दांड्यावर बसवलेली असते, त्यामुळे ती तुटली तरी सहसा दांड्यावरच राहते. ताणाची स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या रुळांलगत असते आणि तुटल्यास जोरात उडू शकते. तिच्या पोकळीतून सुरक्षेची पोलादी तार ओवलेली नसेल, तर असे दार घेऊ नये. स्प्रिंगचे आयुष्य वर्षांत नव्हे, तर उघडझापीच्या फेऱ्यांत मोजतात. साधारण स्प्रिंग 10,000 फेऱ्यांची असते, म्हणजे दिवसाला चार वेळा दार उघडून बंद केले तर ती सात वर्षेही पुरणार नाही. वापर जास्त असेल, तर थोडा अधिक खर्च करून दुप्पट फेऱ्यांची स्प्रिंग घेणे शहाणपणाचे ठरते. ताणलेल्या स्प्रिंगला मात्र स्वतः पाना लावू नये. ते काम जाणकार कारागिराचेच आहे.

बसवून झाल्यावर, कारागीर समोर असतानाच, तोल तपासून घ्यावा. दार बंद असताना लाल दोरी ओढून मोटर सोडवावी आणि दार हाताने अर्ध्यावर नेऊन हळूच सैल सोडावे. तोल नीट असेल तर ते जवळपास तिथेच थांबते. खाली येऊ लागले किंवा आपोआप वर गेले, तर स्प्रिंगचा ताण चुकलेला आहे.

घरात मुले किंवा पाळीव प्राणी असतील, तर स्वयंचलित दाराच्या सुरक्षेत तडजोड नको. चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सुमारे 15 सेंटीमीटरपर्यंतच्या उंचीवर, प्रकाशकिरणाचे सेन्सर हवेत; किरण अडला की उतरणारे दार उलटे फिरते. अमेरिकेत घरगुती स्वयंचलित दारांच्या मोटरसोबत अशी व्यवस्था देणे 1993 पासून बंधनकारक आहे. याखेरीज दार अडथळ्याला टेकताच परत वर गेले पाहिजे. दाराखाली सुमारे चार सेंटीमीटर जाडीची फळी आडवी ठेवून ही चाचणी दर महिन्याला करता येते. स्वतःचा हात खाली धरून खात्री करून घेण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. दार आडव्या पट्ट्यांचे असेल, तर पट्ट्यांच्या सांध्यात बोट शिरणार नाही अशी रचना निवडावी.

टिकाऊपणाचा विचार हवामानावरून करावा. जस्ताचा थर दिलेले पोलाद मजबूत आणि तुलनेने स्वस्त असते, पण खाऱ्या हवेत ओरखड्यातून गंज धरतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम बरे, मात्र त्याला पोचे लवकर पडतात. लाकूड देखणे असले तरी ओलाव्याने फुगते आणि त्याला वारंवार रंग-पॉलिश लागते. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगितली जाते आणि तिथे आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे 24 गेज हा 27 गेजपेक्षा दणकट. हा उलटा हिशेब माहीत नसल्याने अनेक जण मोठा आकडा पाहून खूश होतात. वादळी प्रदेशात रुंद दाराला आतून आडवे मजबुतीकरण आवश्यक आहे, कारण दार आत ढकलले गेले की आत शिरलेला वारा छताला खालून उचलू लागतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी चौकटीची रुंदी आणि उंची मोजावीच, शिवाय चौकटीच्या वरची मोकळी जागाही मोजावी. ती अपुरी असेल, तर छताखाली सरकणाऱ्या दाराऐवजी गुंडाळले जाणारे शटर किंवा बाहेर उघडणारी बिजागरीची दारे पाहावी लागतात.