लॅपटॉप एन्क्रिप्शनला चालेल का, हे दुकानातच बघून घ्या

मी सोलापुरात जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारांचे पॅन, बँक स्टेटमेंट, कामगारांचे आधार असं सगळं लॅपटॉपमध्ये असतं आणि लॅपटॉप स्कूटीवरून गावभर फिरतो. तो चोरीला गेला तर विंडोजचा पासवर्ड काही कामाचा नाही. आतली एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फायली उघड्याच. म्हणून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी हवी, आणि ऑफिसातल्या मुलींसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेताना मी पैसे देण्याआधी पुढची तपासणी करतेच.

आधी टीपीएम, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारी चिप. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीत जा आणि सिक्युरिटी प्रोसेसर डिटेल्स बघा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की झालं. तो पर्यायच दिसत नसेल तर लगेच लॅपटॉप परत करू नका, बऱ्याचदा चिप बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसती बंद असते. एचपीला एफ१०, डेलला एफ२ दाबून बायोसमध्ये शिरा. इंटेलच्या मशीनवर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. ती चालू करा.

आता खरी जागा. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नंच उघडा, नाहीतर हवी ती ओळ उत्तर देत नाही. बायोस मोडपुढे ‘यूईएफआय’ आणि सिक्युअर बूट स्टेटपुढे ‘ऑन’ हवं. मग यादीच्या तळाशी या. तिथं ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट’ अशी ओळ असते, नव्या विंडोजमध्ये तिच्याआधी ‘ऑटोमॅटिक’ शब्द जोडलेला असतो. समोर ‘मीट्स प्रीरिक्विझिट्स’ असेल तर निर्धास्त व्हा.

तिथं लांबलचक नकार दिसला की लोक हिरमुसतात, पण तो नीट वाचा. ‘टीपीएम इज नॉट युजेबल’ असेल तर पुन्हा बायोस गाठा. ‘पीसीआर७ बाइंडिंग’ची तक्रार असेल तर बहुतेक वेळा सिक्युअर बूट बंद असतं. ‘अन-अलाउड डीएमए’ असं काही असेल तर फक्त आपोआप होणारं एन्क्रिप्शन अडतं. त्याच लॅपटॉपवर विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, म्हणजे आपण स्वतः चालू करायचं विंडोजचं एन्क्रिप्शन, व्यवस्थित चालतो. म्हणजे ही ओळ नाही म्हणाली म्हणून हार्डवेअर नालायक ठरत नाही.

बायोस मोड ‘लेगसी’ असेल तर बायोसमध्ये जाऊन तो परस्पर बदलू नका. डिस्क आधी जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीत आणावी लागते, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

फार जुनं मशीन असेल तर प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय, म्हणजे एन्क्रिप्शन झटपट करणारी सोय, आहे का, हे इंटेलच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. ही सोय २०१० मध्ये आली, पण त्यानंतरही काही वर्षं स्वस्त सेलेरॉन, पेंटियम आणि सुरुवातीच्या आय३ मध्ये नव्हती. तिच्याशिवायही एन्क्रिप्शन होतं, पण टॅलीचा मोठा बॅकअप घेताना जीव मेटाकुटीला येतो. लिनक्सवाल्यांना टीपीएमची गरज नाही, लक्स हे त्यांचं डिस्क एन्क्रिप्शन पासवर्डवर चालतं. त्यांनी एवढा प्रोसेसर बघितला तरी पुरे.

‘एसएसडी स्वतःच एन्क्रिप्ट करते, वेगळं काही नको’ असं दुकानदार सांगेल. त्यावर विसंबू नका. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा अनेक एसएसडींमधल्या त्रुटी दाखवून दिल्या, आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं बिटलॉकरला डिस्कच्या एन्क्रिप्शनवर आपणहून भरवसा ठेवण्यापासून थांबवलं.

सेकंडहँड मशीन आधीच एन्क्रिप्ट केलेलं असू शकतं आणि त्याची किल्ली जुन्या मालकाच्या खात्यात पडून असते. सेटिंग्जमध्ये तेही बघा. तसं असेल तर बायोसला हात लावण्याआधी दुकानदाराकडून पूर्ण रिसेट करून घ्या, आणि ‘क्लिअर टीपीएम’ला तोवर बोट लावू नका.

मग एन्क्रिप्शन चालू करा. मध्येच लाइट गेली आणि बॅटरी संपली तरी बिटलॉकर नंतर पुढून काम सुरू करतो. ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप अडलं तर डिस्क उघडणारी किल्ली, मात्र त्याच दिवशी कागदावर छापून कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपच्या बॅगेत नको.