डिजिटल ग्रंथालयावरचं पीएच.डी. संशोधन परिषदेत कसं मांडावं?

परिषदेत एका शोधनिबंधाला बहुतेक वेळा दहा ते पंधरा मिनिटं मिळतात. त्यातली निम्मी ‘ग्रंथालय म्हणजे काय’ आणि ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची पंचसूत्री (ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं) सांगण्यात जातात. पंचसूत्री १९३१ची आहे आणि समोर बसलेल्या प्रत्येक ग्रंथपालाला ती पाठ आहे. मग सत्राध्यक्षांची चिठ्ठी येते आणि तीन-चार वर्षं राबून काढलेले निष्कर्ष ‘थोडक्यात सांगतो’ म्हणत उरकले जातात. ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत होणाऱ्या चर्चासत्रांत हे पाहताना मला वाईट वाटतं, कारण कामात अनेकदा खरोखर दम असतो.

आधी एकच निष्कर्ष निवडा

अख्खा प्रबंध मांडायचा नाही. ‘ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या डिजिटल सेवांचा अभ्यास’ हे प्रबंधाचं नाव झालं. परिषदेसाठी त्यातला एक प्रश्न उचला. उदाहरणार्थ, ग्रंथालयात असलेलं जुनं मराठी पुस्तक वाचकाला शोधूनही का सापडत नाही? उत्तर एका वाक्यात सांगता आलं, तरच तो विषय घ्या.

मग शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जा. यूजीसीच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, त्यामुळे आधीचं बरंच काम तिथे मिळतं. शोध मराठीतही घ्या आणि इंग्रजीतही.

गोषवारा

प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, याच क्रमाने. ‘निष्कर्ष सादर केले जातील’ असं लिहू नका, निष्कर्षच लिहा.

सगळी मेहनत एका उदाहरणावर घ्या

माझ्या मते सादरीकरण इथेच तरतं किंवा बुडतं. वरचाच प्रश्न घेऊ. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असं छापलेलं असतं. पान स्कॅन करून ओसीआर केलं (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवला) की संगणक जे छापलंय तेच उतरवतो. आजचा विद्यार्थी ‘काही’ टाइप करतो आणि उत्तर येतं, ‘काहीही सापडले नाही’. पुस्तक तर तिथेच आहे! स्लाइडच्या डाव्या बाजूला ते जुनं पान ठेवा, उजव्या बाजूला रिकामा शोध. मग दहा सेकंद गप्प राहा. लोक स्वतःच वाचतील, आणि समस्या काय आहे हे समजावून सांगायची गरजच उरणार नाही.

तसंच लेखकाच्या नावाचं. एका नोंदीत ‘वि. का. राजवाडे’, दुसरीत ‘राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ’, तिसरीत रोमन लिपी. डब्लिन कोअर या डिजिटल नोंदींच्या प्रमाण नमुन्यातल्या १५ घटकांत लेखकासाठी रकाना आहे, पण नाव कोणत्या रूपात लिहायचं हे ग्रंथालयानेच ठरवायचं असतं. तुमच्या अभ्यासातल्या ग्रंथालयाने ते ठरवलं होतं का? हा प्रश्न श्रोत्यांना लगेच भिडतो, कारण तो त्यांच्या रोजच्या टेबलावरचा आहे.

उदाहरणाचं पान मिळवायला लांब जावं लागत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे. फोटो घेण्याआधी परवानगी मागा आणि पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त आहे ना, ते पाहा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो.

आकडे प्रामाणिक ठेवा

४५ जणांनी प्रश्नावली भरली आणि १८ जण ‘हो’ म्हणाले, तर ‘४५ पैकी १८’ असंच सांगा. नुसतं ‘४० टक्के’ म्हटलं की नमुना किती लहान होता ते झाकलं जातं. प्रबंधातली मोठी कोष्टकं स्लाइडवर चिकटवू नका, मागच्या रांगेतून ती वाचता येत नाहीत.

तांत्रिक तयारी

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर सभागृहाच्या संगणकावर अगम्य चिन्हं बनून उमटतो, आणि डिजिटल ग्रंथालयावर बोलणाऱ्याच्या बाबतीत ते फारच खटकतं. सोबत पीडीएफ प्रतही ठेवा. संकेतस्थळ प्रत्यक्ष चालवून दाखवण्याचा मोह टाळा. सभागृहाच्या वायफायवर भरवसा नको, स्क्रीनशॉट पुरतात. परिषद वाशी-नेरुळला रविवारी असेल आणि तुम्ही ठाण्याहून लोकलने जाणार असाल, तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा.

तालीम गाइडसमोर तर कराच, पण विषयाबाहेरच्या एखाद्यासमोरही करा. त्याला ‘मेटाडेटा’ (पुस्तकाच्या नोंदीतली लेखक, शीर्षक अशी माहिती) कळला नाही तर तिथे एक सोपं वाक्य जोडा.

प्रश्नोत्तरं

दोन प्रश्न बहुधा येतातच: नमुना एवढाच का, आणि अमुक सॉफ्टवेअरच का. डीस्पेस असेल तर ग्रीनस्टोन का नको, हे विचारलं जाईल. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, म्हणून ‘फुकट आहे’ हे कारण पुरत नाही; तुमच्या ग्रंथालयाची गरज सांगा. उत्तर नसेल तर ‘हे माझ्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हतं’ असं सरळ म्हणा. प्रत्येक प्रश्न लिहून घ्या, व्हायव्हाला त्यातलेच काही परत समोर येतात.

परिषद संपली की ज्या ग्रंथालयाने तुम्हाला माहिती दिली त्यांना फसलेल्या शोधांची यादी पाठवा. जुन्या नोंदींत ‘नांव’शेजारी ‘नाव’ही भरायला त्यांना ती थेट वापरता येईल.